गाडीचे वंगण आणि लाकडाचे सत्त्व



आपल्या पुंडलिकनगरात पाळी संपवून परतलेल्या कामगाराचे हात पाहा. साबणाने कितीही घासले, तरी नखांतले वंगण निघत नाही. ते नुसते काळे असते तर मी आपला वेळ घेतला नसता.

विलायतेत म्यूल यंत्रावर सूत कातणाऱ्यांना खनिज तेलाच्या तुषारांमुळे कातडीचा कॅन्सर होई. अखेर १९५३ साली तेथे नियम झाला, की या यंत्रांना वनस्पतींचे, प्राण्यांचे किंवा चांगले शुद्ध केलेले तेलच घालावे. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यानेही खनिज तेलाने होणारे त्वचारोग नोंदवावयाच्या रोगांत घातले होते. आजची तेले पुष्कळ शुद्ध असतात, हे कबूल करतो. पण पुरळ काही गेलेला नाही.

मग एरंडेल का नको? आपल्या बैलगाडीच्या आसाला तेलाचेच वंगण लागे, त्याचे नळकांडे गाडीखाली टांगलेले असे. १९०९ साली 'कॅस्ट्रॉल' हे नाव निघाले, तेही 'कॅस्टर' म्हणजे एरंडावरूनच. आणि गंमत पाहा, आज बेअरिंगमध्ये भरतात त्या लिथियम ग्रीसमधला साबण बहुधा एरंडेलापासूनच बनतो. तेल मात्र खनिज!

अडचण अशी, की उष्णता आणि हवा लागली म्हणजे वनस्पतींचे तेल बिघडते, दाटते, चिकट होते. गाडीवान रोज वंगण घालील. तीन पाळ्या चालणारे यंत्र कोण थांबवणार?

येथे लाकूड मदतीला येते. लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारे द्रव्य म्हणजे लिग्निन. लाकडाचा साधारण चौथा हिस्सा तेच. कागदाच्या गिरणीत ते काळ्या द्रावातून निघते आणि बहुतेक भट्टीत जळून जाते. त्यात फिनॉलचे गट असतात. प्राणवायू तेलात बिघाडाची जी साखळी सुरू करतो, ती हे गट तोडतात. शिवाय लिग्निनच्या सूक्ष्म धाग्यांचे जाळे एरंडेल धरून ठेवते, म्हणजे साबणाशिवाय ग्रीस! स्पेनमधील उएल्वा विद्यापीठात असे ग्रीस करून पाहिले आहे.

मात्र लिग्निन तेलात सहजी विरघळत नाही, तळाशी बसते. आणि प्रत्येक लाकडाचे निराळे. 'झाडाचे आहे, म्हणजे निरुपद्रवी' असे कोणी सांगितले, तर मानू नका. राळही झाडाचीच, तिनेही कातडी उठते.

आजवर आमच्या मागणीपत्रकांत बोनस आला, कँटीन आले, तेल कधी आले नाही. चूक आमचीही. पुढच्या करारासाठी मी एक कलम मांडणार आहे: जेथे तेल गळून वाया जाते, त्या कन्व्हेयरच्या साखळ्यांवर सहा महिने असे वंगण चालवून पाहावे, आणि दर आठवड्याला साखळी व कामगाराचे हात, दोन्ही तपासावेत.