तीन कुलुपांची पेटी

घरांतील मिळविता पुरुष अंथरुणाला खिळला म्हणजे मजुराच्या कुटुंबाची काय अवस्था होते, हें श्रोत्यांना सांगावयास नको. पहिल्या आठवड्यांत वाण्याची उधारी, दुसऱ्यांत भांडीं गहाण, आणि मग कोणाच्या तरी दारीं हात पसरणें. दोनशें वर्षांपूर्वीं स्कॉटलंडच्या खेड्यांत हें दार बहुधा चर्चचें असे. रविवारीं उपासनेच्या वेळीं जमलेल्या पैशांतून चर्चचे पंच गांवच्या गरजूंना थोडीबहुत मदत देत. ती मनापासून दिलेली असे; पण घेणारा पुढच्या हिवाळ्यांत पुन्हां त्याच दारीं उभा राही.

डम्फ्रीस परगण्यांतील रथवेल या लहानशा गांवीं १७९९ सालीं हेन्री डंकन हे पाद्री म्हणून आले. धर्मशिक्षणापूर्वीं त्यांनीं लिव्हरपूल येथील एका पेढींत तीन वर्षें कारकुनी केली होती. ती फुकट गेली नाहीं. धान्याची टंचाई पडली तेव्हां त्यांनीं लिव्हरपूलहून धान्य आणवून तें खरेदीच्या भावानें गांवकऱ्यांना दिलें. भूक त्या हंगामापुरती भागली. पण मजुराच्या हातीं चार शिलिंग उरले तर ते ठेवावयाचे कोठें? मोठ्या बँका दहा पौंडांखालीं ठेव घेत नसत. उशाखालीं ठेवलेला पैसा किती दिवस टिकतो, हें ज्याचें त्याला ठाऊक!

१८१० सालीं डंकन यांनीं गांवांतल्याच एका साध्या घरांत बचतीची पेढी उघडली. सहा पेन्स आणणाऱ्यालाहि खातें मिळे. पैशाच्या पेटीला तीन कुलुपें होतीं आणि किल्ल्या तीन निरनिराळ्या माणसांकडे. तिघे जमल्याखेरीज झांकण उघडत नसे. गरीब माणसाचा विश्वास उपदेशानें बसत नाहीं, अशा व्यवस्थेनें बसतो. सांठलेली रक्कम डम्फ्रीस येथील मोठ्या बँकेंत व्याजानें ठेवीत आणि त्यांतून ठेवीदाराला व्याज मिळे. पहिल्या वर्षीं १५१ पौंड जमले. रकमेकडे पाहून हंसणाऱ्यांनीं तो पैसा कोणाचा होता, तेंहि पाहावें.

एका गोष्टींत मात्र पाद्रीबुवांचा धर्मोपदेशकाचा स्वभाव आड आला. खातें देण्यापूर्वीं ठेवीदाराचें वय, घरची स्थिति आणि वर्तणूक यांची चौकशी होई. स्वतःच्या घामाचे सहा पेन्स ठेवावयास चांगल्या चालचलणुकीचा दाखला कशाला हवा? धनिकाला असा प्रश्न कोणती बँक विचारते? पुढें जेथें जेथें अशा पेढ्या पसरल्या तेथें ही चौकशी टिकली नाहीं, हें योग्यच झालें. १८१९ सालीं स्कॉटलंडमधील या पेढ्यांना पार्लमेंटच्या कायद्याचें संरक्षणहि मिळालें. (हेच डंकन दगडांत उमटलेल्या प्राचीन प्राण्यांच्या पाउलखुणांविषयीं लिहिणाऱ्या आरंभींच्या विद्वानांपैकीं एक होत, पण तो विषय वेगळा.)

तथापि बचत ही ज्याच्याजवळ कांहीं उरतें त्याच्याच कामाची. ज्याचें नांव सावकाराच्या वहींत चढलें आहे, त्याला आधीं माफक व्याजाचें कर्ज हवें असतें. आपल्याकडे वसईंत हें काम सहकाराच्या मार्गानें झालें. तेथील शेतकरी ख्रिस्ती समाजासाठीं मोन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनीं १९१८ सालीं सहकारी संस्था उभारली. तीच पुढें बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. अशा संस्थेंत ठेव ठेवणारा आणि कर्ज काढणारा हे एकाच गांवचे, रविवारीं एकाच वेदीपुढें गुडघे टेंकणारे. मदत घेणाऱ्याला मान खालीं घालावी लागत नाहीं, कारण तो सभासद असतो आणि घेतलेलें परत करावयाचें असतें. तें बुडविलें तर बुडतो तो शेजाऱ्याचा पैसा.