मागच्या बाकावरची मेटॅलिका
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातील वाटचाल’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी मुद्देही काढले होते. पण गेल्या महिन्यात आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेअकराला कुणीतरी एक जुनं भांडण उकरून काढलं आणि दोन दिवस ग्रुप पेटला. पंचेचाळिशीतली माणसं, कुणाचं पोरगं बारावीला, कुणाला रक्तदाबाची गोळी, आणि भांडण कशावरून? तर मेटॅलिका १९८६ साली संपली की १९९६ साली! तेव्हा वाटचाल राहू द्या. मी आज त्या भांडणाबद्दल बोलणार आहे. त्यात मला एकाची माफी मागायची होती, आणि तिथे एक घोटाळा झाला. तो शेवटी सांगते.

सरांसाठी थोडक्यात ओळख करून देते. मेटॅलिका हा अमेरिकन रॉक बँड. १९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये जेम्स हेटफील्ड आणि लार्स उलरिक या दोन मुलांनी तो सुरू केला. जेम्स गातो आणि गिटार वाजवतो, लार्स ड्रम वाजवतो. १९८६ साली त्यांचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हा अल्बम आला. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडनमध्ये त्यांच्या बसला अपघात झाला आणि बास गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन गेला. चोवीस वर्षांचा होता. त्यानंतर १९९१ साली काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम आला. त्याच्या जगभरात तीन कोटींच्या वर प्रती खपल्या.

आपल्या वर्गात ही मंडळी आली ती एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर. तिसऱ्या रांगेत बसलेल्या एका गृहस्थांच्या दादरच्या मावसभावाने ती भरून दिली होती. एका बाजूला ‘मास्टर ऑफ पपेट्स’मधली, दुसऱ्या बाजूला काळ्या अल्बममधली निवडक गाणी. नाव घेत नाही. तो आत्ताच खाली मान घालून हसतोय, त्यावरून ओळखा. वर्गात गिटार असलेला तो एकटाच. आम्ही त्याला ‘गिटार’च म्हणायचो.

कॅसेटला दोन बाजू, म्हणून वर्गात दोन पक्ष. ‘अ’ बाजूवाल्यांचं म्हणणं, खरी मेटॅलिका क्लिफबरोबर गेली. काळा अल्बम म्हणजे धंदा, गाणी छोटी केली, वेग कमी केला, रेडिओसाठी पाणी घातलं. ‘ब’ बाजूवाल्यांचं म्हणणं, नुसतं जोरात वाजवणं म्हणजे कला नव्हे. ‘नथिंग एल्स मॅटर्स’सारखं संथ गाणं रचायला जास्त अक्कल लागते. गिटार ‘अ’ पक्षाचा पुढारी. माझी बाकावरची मैत्रीण ‘ब’ पक्षाची. मी ‘अ’मध्ये, पण घरी गुपचूप ‘ब’ बाजू ऐकायचे.

बाई, तुम्हाला आठवतंय का, मला ठाऊक नाही. ऑफ तासाला आमच्या बाकावर वॉकमन सापडला होता. आम्हाला वाटलं, आता जप्त होणार आणि पालकांना चिठ्ठी जाणार. तुम्ही संगीत शिकवायचात. तुम्ही हेडफोन कानाला लावलात, तोंड जरा वाकडं केलंत, आणि मग डाव्या हातावर मात्रा मोजायला लागलात. लय इतकी द्रुत, तरी तुम्ही तीन आवर्तनं चार-चारच्या हिशोबाने बरोबर मोजलीत आणि चौथ्याला अडखळलात. परत मागे नेऊन ऐकलंत. पुन्हा तिथेच अडखळलात. मग म्हणालात, “इथे मात्रा खाल्ली आहे. चौथं आवर्तन आखूड आहे.”

आम्ही ते गाणं शंभरदा ऐकलं होतं. एकालाही हे कळलं नव्हतं.

गिटारने विचारलं, “म्हणजे बाई, चुकलेत का ते?”

तुम्ही म्हणालात, “मुद्दाम खाल्ली असेल तर हुशार आहेत. चुकून खाल्ली असेल तर त्याहून हुशार, कारण चौघांनी मिळून एकाच जागी एकच चूक केली. हे सोपं नसतं रे.”

आणि वॉकमन परत दिलात. तीस वर्षं झाली, मी ते वाक्य विसरलेले नाही. पुढे कळलं की जगभरचे वादक त्या एका आखूड आवर्तनावर अजून वाद घालतात. ते कागदावर नेमकं कसं लिहायचं, यावरही एकमत नाही. आमच्या बाईंनी ते डाव्या हातावर पकडलं होतं!

त्यानंतर आली १९९६ची जून. आपला निकाल आणि मेटॅलिकाचा ‘लोड’ हा नवा अल्बम एकाच महिन्यात. चौघांनी केस कापलेले, डोळ्यांत काजळ, आणि संगीतात ब्लूजचा वास. जगभरच्या चाहत्यांनी कपाळाला हात लावला. आपण मार्कशीट घेऊन तलावपाळीला गेलो होतो. भेळ हातात, आणि भांडण सुरू. गिटार म्हणाला, “संपले. आता हे काही करू शकत नाहीत.” मी त्या दिवशी टक्केवारीच्या धुंदीत होते. मी म्हटलं, “तू कोण त्यांना संपवणारा? तुला स्वतःला एक गाणं धड वाजवता येत नाही.” सगळे हसले. तोही हसला. त्यानंतर तो आपल्यात फारसा आला नाही. काही महिन्यांनी कळलं, त्याने गिटार विकली.

मी इंजिनीअरिंगला गेले. आमच्या कॉलेजातही तेच पक्ष, फक्त मुद्दे नवे. २००० साली मेटॅलिकाने नॅपस्टरवर खटला भरला. नॅपस्टर म्हणजे एकाच्या कॉम्प्युटरवरचं गाणं दुसऱ्याने फुकट उतरवून घ्यायची सोय. गाणी उतरवणाऱ्या तीन लाखांहून जास्त लोकांची यादी त्यांनी कंपनीला नेऊन दिली. आमच्या हॉस्टेलवर एक गाणं उतरायला अर्धी रात्र जायची, आणि ज्यांच्यासाठी जागायचो तेच आम्हाला चोर म्हणत होते. आम्ही भरपूर शिव्या दिल्या. आज माझं पोट लिहिलेल्या कोडवर चालतं. आपलं काम न विचारता कुणी उचललं की काय वाटतं, ते मला कळतं. लार्सची पद्धत उर्मट होती, पण त्याचा प्रश्न खरा होता.

२००३ साली ‘सेंट अँगर’ आला. गिटारचे सोलो गायब, आणि लार्सच्या ड्रमचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा. “या माणसाला ड्रम वाजवता येतो का?” हा चाहत्यांचा लाडका वाद तेव्हापासून जो भडकला तो भडकलाच. २००८ साली ‘डेथ मॅग्नेटिक’ आला. त्यातली भानगड मला माझ्या शिक्षणामुळे कळली. ध्वनी डिजिटल रूपात साठवताना उंचीला एक छत असतं. आवाज सगळीकडे मोठाच हवा म्हणून ढकलत गेलात की लाटांचे माथे छताला लागून सपाट कापले जातात आणि कानाला खरखर येते. गंमत म्हणजे, हीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये दिली होती, आणि तिथे ती जास्त स्वच्छ ऐकू येत होती. ते चाहत्यांनी शोधून काढलं. आपण चाहते नुसते आरडाओरडा करतो असं नाही. कधीकधी कान खरोखर तयार असतात.

पण कानांना न कळणारंही बरंच असतं. ते मला कळलं ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ हा माहितीपट पाहिल्यावर. २००४ साली तो आला. ‘सेंट अँगर’ तयार होत असतानाचं सगळं त्यात आहे. चौदा वर्षं बास वाजवणारा जेसन न्यूस्टेड २००१च्या जानेवारीत सोडून गेलेला. क्लिफच्या जागी आलेला हा मुलगा. त्याच्या पहिल्या पूर्ण अल्बमवर त्याचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. वर्षाच्या मध्ये वर्गात आलेल्या मुलाला आपण कसं वागवतो, ते आठवा. जेम्स दारूच्या व्यसनावर उपचार घ्यायला गेला तो कित्येक महिने आलाच नाही. परत आला तेव्हा दुपारी बारा ते चार एवढंच काम करायची परवानगी. चाळिशीकडे आलेली माणसं एका टेबलाभोवती बसून एकमेकांशी बोलायला शिकतायत, आणि शिकवणाऱ्याला महिन्याला चाळीस हजार डॉलर!

तो पाहताना मला लाज वाटली. आम्ही ज्याला “प्रतिभा आटली” म्हणत होतो, तिथे प्रश्न प्रतिभेचा नव्हताच. त्या खोलीत माणसं एकमेकांचं ऐकत नव्हती. बाईंचं वाक्य तेव्हा मला नीट उलगडलं. एकेकटा बघितलात तर लार्सहून सफाईदार ड्रमर शेकड्यांनी मिळतील. पण बँडची प्रतिभा एकेकट्यात मोजायची नसते. चौघांनी मिळून त्याच जागी मात्रा खाणं, ही ती प्रतिभा. आणि ते जमायला आधी एका खोलीत टिकावं लागतं. आमच्या क्षेत्रातही तेच आहे. हुशार माणसांच्या टीम मी फुटताना पाहिल्यात, आणि साध्या माणसांनी अवघड कामं तडीस नेलेलीही पाहिलीत.

२०११ साली ऑक्टोबरात ते बंगळुरूला आले तेव्हा मी गेले होते. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ सुरू झालं आणि मी नकळत डाव्या हातावर मात्रा मोजायला लागले. चौथं आवर्तन आलं. चौघांनी मिळून खाल्ली. पॅलेस ग्राउंड्सवरच्या गर्दीनेही खाल्ली. माझ्या मागे दोन पोरं भांडत होती, “लार्स पूर्वीसारखा राहिला नाही रे!” मला घरी आल्यासारखं वाटलं.

मग त्यांचं भविष्य काय? ग्रुपवर हाच प्रश्न होता. जेम्स आणि लार्स दोघांनी साठी ओलांडली आहे. २०२२ साली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत ‘मास्टर ऑफ पपेट्स’ वाजलं आणि छत्तीस वर्षांचं ते गाणं पहिल्यांदाच अमेरिकेतल्या पहिल्या शंभर गाण्यांच्या यादीत आलं. माझ्या मुलीने मला विचारलं, “आई, तू ऐकलंयस का हे?” २०२३ साली ‘सेव्हंटी टू सीझन्स’ आला. बहात्तर ऋतू, म्हणजे माणसाची पहिली अठरा वर्षं. पुढचं आयुष्य त्या अठरा वर्षांत घडतं, ही त्यामागची कल्पना. आता त्यांचे वर्षाला ऋतू चार. आपले सहा. आपल्या हिशोबाने बहात्तर ऋतू म्हणजे बारा वर्षं. बालवाडीची दोन आणि पहिली ते दहावी. म्हणजे बरोबर ही शाळा!

माझं मत विचाराल तर, १९८६सारखा अल्बम ते पुन्हा करणार नाहीत. बाविशीतला राग बासष्टीत आणला तर ते सोंग होईल. पण ते अजून एकमेकांचं ऐकत असतील, तर अजून एखादं चांगलं गाणं येईल. ‘अ’ पक्षाने हे लिहून ठेवावं.

आता माफीचं. गेल्या महिन्यात त्या भांडणानंतर मी गिटारला फोन केला. तीस वर्षं डोक्यावर असलेलं ओझं होतं. म्हटलं, “अरे, त्या दिवशी तलावपाळीला मी बोलायला नको होतं. माझ्यामुळे तू गिटार सोडलीस.”

तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, “अगं, तू काय बोललीस ते मला आठवतही नाही. बाबांचा वागळे इस्टेटमधला कारखाना त्या मे महिन्यात बंद पडला. बहिणीची फी भरायची होती, म्हणून गिटार विकली. आणि संध्याकाळी मी एका दुकानात हिशोब लिहायला जायचो, म्हणून यायला जमायचं नाही.”

तीस वर्षं मला अपराधी वाटत होतं, आणि त्यातही मी स्वतःलाच मध्यभागी ठेवलं होतं. आम्ही रोज त्याच्याशी मेटॅलिकाबद्दल तावातावाने बोलत होतो. क्लिफ बर्टन कसा गेला ते आम्हाला तोंडपाठ होतं. शेजारच्या बाकावरच्या मित्राच्या घरी काय चाललंय, हे एकालाही माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नाही. म्हणून आज माफी मागते ती बोलण्याची नाही, न विचारण्याची. ती तुला आठवो न आठवो, घे.

सकाळपासून आपण एकमेकांना “तू अजिबात बदलला नाहीस” म्हणतोय. छान वाटतं ऐकायला. पण चाहत्यांनी बँडकडे हाच हट्ट धरला होता. तर जेवताना प्रत्येकाने निदान एकाला विचारा, मधल्या तीस वर्षांत काय काय बदललं?

आणि एक खबर फोडते. गिटारने मागच्या दिवाळीत जुन्या बाजारातून एक गिटार घेतली आहे आणि ती आत्ता ऑफिसच्या कपाटामागे ठेवली आहे. चहानंतर तो वाजवणार आहे. त्याने मला बजावून सांगितलंय, चौथ्या आवर्तनाला त्याचा हमखास घोळ होतो.

होऊ दे. बाई पहिल्या रांगेत आहेत, त्या हातावर मोजतील. आपण सगळे मिळून तिथेच चुकू.