घास अडकला तर



माझ्या सासूबाईंच्या छातीत भाकरीचा घास अडकू लागला. पित्त समजून त्या पेजेवर राहिल्या. सहा महिने गेले. तपासणीत अन्ननलिकेचा कर्करोग निघाला.

अन्ननलिका काढायला पूर्वी अनेकदा छाती उघडावी लागे. छातीतले काम लहान छिद्रांतून, दुर्बिणीने पाहून करता येते, हे १९९२ साली स्कॉटलंडच्या डॉ. कुशिएरी यांनी प्रसिद्ध केले. मग जठराची नळी करून वर जोडतात. आज मुंबई-पुण्यातही ही शस्त्रक्रिया होते. जखम लहान, फुप्फुसांना त्रास कमी.

पण आमच्याकडून झालेला उशीर दुर्बिणीने भरून निघाला नाही. म्हणून धाटावच्या भगिनींनो, मिश्री सोडा. आणि घास अडकला तर पेज शिजवत बसू नका, डॉक्टर गाठा.