रस्ता कोणाच्या कडेवर?



अपंग मुलांच्या शिक्षणावर बोला, असं मला सांगितलंय. अपंग म्हणा, हल्लीच्या सरकारी भाषेत दिव्यांग म्हणा. मी त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे, घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर. शाळेत उतरंड बांधली का, विशेष शिक्षक येतात का, हे पाहायला साहेब येतात. मूल त्या उतरंडीपर्यंत आणलं कोणी, हे विचारायचं कोणाच्या मनात येत नाही. आईच आणते, त्यात काय विचारायचं!

साताऱ्याकडच्या एका वाडीतली मुलगी घ्या. वय सहा, सेरेब्रल पाल्सी. बोललेलं सगळं समजतं, हसते, गाणी म्हणते. पाय मात्र भार घेत नाहीत. वजन सोळा किलो. शाळा पाऊण किलोमीटरवर, पण मध्ये ओढा आणि वर चढ. आई तिला कडेवर घेऊन जाते. लघवीला न्यायला शाळेत कोणी नाही, म्हणून दिवसभर व्हरांड्यात बसते आणि संध्याकाळी पुन्हा कडेवर घेऊन परत येते. खुरपणीची मजुरी गेली. वडापवाला ओढ्यापर्यंत यायला तयार होता, पण दोन शिटांचे पैसे मागत होता. सासू म्हणते, "पोरीची जात, त्यातून अशी, कुठं कलेक्टर व्हायचीय?" नवऱ्याला कोणी काही म्हणत नाही. मुलगी दरवर्षी वाढणार, आणि आईची कंबर आत्ताच दुखते.

आईने अर्ज केला. उत्तर मिळालं, शाळा एक किलोमीटरच्या आत आहे, वाहतूक बसत नाही.

हे उत्तर चुकीचं आहे, आणि तुम्हालाही कुठे ना कुठे ते मिळेल, म्हणून नीट सांगते. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर हे अंतर शिक्षणहक्काच्या नियमांत आहे. पण केंद्राच्या २०१० च्या त्याच नियमांत वेगळं कलम आहे: अपंगत्वामुळे ज्या मुलाला शाळेपर्यंत पोचता येत नाही, त्याच्यासाठी योग्य आणि सुरक्षित वाहतुकीची सोय शासनाने किंवा स्थानिक संस्थेने करायची. तिथे किलोमीटरची अट नाही. ज्याला चालताच येत नाही, त्याला शंभर पावलंही लांबच.

दुसरं उत्तर जास्त गोड असतं: "घरीच शिक्षक पाठवतो." २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा हक्क दिला, हे खरं. पण तो मुलाने निवडायचा. गाडी नाही म्हणून घरी बसवणं याला निवड म्हणत नाहीत. ही मुलगी शाळेत जाते ती इतर पोरांसाठी. तिला गाणी त्यांनीच शिकवली.

तिसरं उत्तर म्हणजे भत्ता. समग्र शिक्षा योजनेतून प्रवासभत्ता आणि मदतनीस भत्ता मिळतो. तो जरूर घ्या, सोडू नका. पण भत्त्यात तिकिटाचा हिशेब होतो, व्हरांड्यातल्या सहा तासांचा होत नाही. आमच्या भागात तो वर्षअखेरीस एकदम खात्यावर येतो. वडापवाला वर्षभर उधारीवर नेत नाही. १९९५ च्या अपंग कायद्यात वाहतुकीची सोय करा 'किंवा' पालकांना आर्थिक साहाय्य द्या, असा पर्याय होता. २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये तो 'किंवा' नाही. सरळ वाहतुकीची सोय करा म्हटलंय, आणि जास्त आधाराची गरज असलेल्या मुलांच्या मदतनिसाचीही. कायद्यातून गेलेला 'किंवा' कार्यालयात अजून जिवंत आहे, आणि त्याचं ओझं आईच्या कडेवर आहे.

एका बैठकीत सूचना आली, बचत गटातल्या बायकांनी आळीपाळीने मुलीला न्यावं. मला ती पटली नाही. एका बाईचं फुकट काम दहा बायकांत वाटून ते फुकटच राहतं. गटातल्या बाईला मदतनीस म्हणून पगारावर घ्या, मग बोलू.

आम्ही काय केलं? शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि तीन चतुर्थांश पालक. त्या समितीत ठराव घेतला: रिक्षा आणि पगारी मदतनीस. ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिला आणि पोच घेतली. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावाच लागतो. ग्रामसभेत त्याचा हिशेब मागितला. तो निधी खुर्च्या आणि सत्कारांत जात होता. समितीतल्या बायका एरवी सही करून घरी जायच्या, त्या दिवशी चार तास बसल्या.

दिवाळीनंतर रिक्षा सुरू झाली. मदतनीस बाईचं दोन महिन्यांचं मानधन अजून अडकलंय, त्यासाठी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार तयार आहे. आई आठवड्यातून चार दिवस कामाला जाते. मुलगी रिक्षात खिडकीकडची जागा सोडत नाही.

ठराव आणि अर्जाचे नमुने मी बरोबर आणलेत. ज्यांच्या गावात असं मूल आहे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडून घ्या, आणि अर्जात 'भत्ता' हा शब्द आधी लिहू नका.