श्वास आणि मज्जातंतूंचा आजार



मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतल्या तंतूंवरचे आवरण खराब करते. हातपाय जड होतात, थकवा येतो, काहींचे श्वासाचे स्नायूही दुबळे होतात. ही करणी-बाधा नव्हे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हा आजार आहे. दाखल्यासाठी अर्ज करा.

खुर्चीत पाठ टेकून बसा. नाकाने सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा. थकण्याआधी थांबा. उन्हात बसू नका, भराभर श्वास नको. अंग तापले की त्रास वाढतो. आनापानसतीत तर श्वास नुसता पाहायचा असतो. याने आजार जात नाही, पण मनाला आधार मिळतो. म्हणून कुडपणचा घाट उतरावा लागला तरी डॉक्टरांचे औषध सोडू नका.

जय भीम!