नऊ तारीख विसरूं नका

(कोंडाणे, तालुका कर्जत, येथील शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण.)



संकष्टी कोणत्या वारीं आहे, अमावास्या कधीं लागते, हें आपल्या घरांतलें पोरही सांगतें. पण पोटुशा सुनेला तपासणीला कधीं न्यायचें असें विचारलें, तर सासरा सासूकडे बघतो, सासू मुलाकडे बघते आणि मुलगा उठून बाहेर जातो. आज मी त्याविषयींच बोलणार आहें.

आधीं माझ्या घरची गोष्ट सांगतों. माझ्या वहिनीला आठवा महिना लागला होता. आषाढाचे दिवस, लावणी जोरांत. तिचे पाय सुजले, तेव्हां आम्ही म्हणालों, दिवसभर चिखलांत उभें राहिल्यावर सुजणारच. मग तोंड सुजलें, बांगड्या हातांत रुतूं लागल्या. डोकें ठणकतें, डोळ्यांपुढें अंधारी येते, असें ती म्हणाली. आईनें मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. तिसऱ्या रात्रीं तिला झटके आले, दांतखीळ बसली. भगत आला, बाधा आहे म्हणाला, कोंबडें मागितलें. पहांटेपर्यंत अंगारा चालला. दवाखान्यांत नेलें तेव्हां बाई वांचली, मूल गेलें. डॉक्टरीणबाईंनीं एवढेंच विचारलें, "रक्तदाब शेवटचा कधीं मोजला?" आम्हांला उत्तर देतां आलें नाहीं. भगताला दोष देऊन मी मोकळा होत नाहीं. त्या घरांत लिहितां-वाचतां येणारा मी होतों, आणि मीच गप्प बसलों.

ती बाधा नव्हती. गरोदरपणांत कधीं कधीं रक्ताचा दाब वाढतो, लघवींतून प्रथिनें जाऊं लागतात, आणि दुर्लक्ष झालें कीं झटके येतात. दंडाला पट्टा बांधून दाब मोजायला पांच मिनिटें पुरतात. दोन आंकडे ध्यानांत ठेवा : १४० आणि ९०. वरचा आंकडा १४० किंवा खालचा ९० झाला, अथवा त्यापुढें गेला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवा.

तपासणींत आणखी काय होतें? वजन घेतात. लघवी पाहतात. पोटावर हात ठेवून मूल वाढतें आहे कीं नाहीं, त्याचें डोकें खालीं आहे कीं वर, हें पाहतात. मुलाच्या हृदयाचे ठोके मोजतात. ते मिनिटाला ११० ते १६० असावेत. रक्तांतलें हिमोग्लोबिन पाहतात. तें ११ च्या खालीं असेल तर बाईच्या अंगांत रक्त कमी आहे. ७ च्या खालीं असेल तर जिवाला धोका आहे. त्यासाठीं लोहाच्या गोळ्या देतात. त्या गोळ्यांनीं मूल काळें होतें, हा निव्वळ गैरसमज आहे. शौचाला काळें होतें, त्यानें भिऊं नये. मात्र गोळी चहाबरोबर घेऊं नका. आणि "कमी खाल्लेंस तर मूल लहान राहील, सुटका सोपी होईल" असें जिला कोणी सांगत असेल, तिनें तें ऐकूं नये. उपाशी आईचें मूल अशक्तच जन्मतें.

गरोदरपणांत निदान चार तपासण्या व्हाव्यात. पहिली पहिल्या तीन महिन्यांत, आणि शेवटच्या दोन सातव्या महिन्यानंतर. त्या शेवटच्या दोनच आपल्याकडे चुकतात. कारण लावणी, कापणी किंवा वीटभट्टी आडवी येते. सन २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांना डॉक्टर फुकट तपासतात. ही पंचांगांतली नवमी नव्हे. हिला भटजीला विचारावें लागत नाहीं. सन २०११ पासून सरकारी दवाखान्यांत बाळंतपण, औषधें, शस्त्रक्रिया, जेवण व घरून जाण्यायेण्याची गाडी, हें सारें विनामूल्य आहे. तो तुमचा हक्क आहे. कोणाचे उपकार नव्हेत.

जोतीराव फुल्यांनीं १८६३ सालीं पुण्यांत फसलेल्या विधवांसाठीं बाळंतपणाचें घर उघडलें. आईचा व मुलाचा जीव ही लाजेची किंवा दैवाची बाब नाहीं, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें. पुढें १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं गिरणींतल्या बायांच्या बाळंतपणाच्या विश्रांतीची बाजू मांडली, आणि १९२९ सालीं तो कायदा झाला. गिरणींतल्या बाईला कायद्यानें रजा मिळाली. आपल्या शेतांत राबणाऱ्या बाईचा मालक कोण? आपणच. मग तिला रजा कोण देणार? हें तुम्हीं आपल्या मनाला विचारा.

म्हणून बापयांनो, आठवा महिना लागला कीं घरांत बसून ठरवा : बरोबर कोण जाणार, गाडी कोणाची, रक्त लागलें तर कोण देणार. पावसांत उल्हास नदी भरली, रात्रीं वाट बंद झाली, कीं त्या वेळीं विचार करायला सवड मिळत नाहीं. आशाताईंचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा, त्याखालीं १०२ व १०८ लिहा.

अंगावरून रक्त जाणें, पाणी जाणें, तोंडाला व हातांना सूज, जोराची डोकेदुखी, अंधारी, झटके, ताप, किंवा मुलाची हालचाल मंदावणें, यांतलें एकही दिसलें तर ९ तारखेची वाट पाहूं नका. त्याच घटकेला निघा. अंगारा मागाहून लावा अथवा लावूं नका. गाडी आधीं बोलवा.

माझी वहिनी आज आहे. पण आषाढ लागला कीं ती लावणीला जातांना बोलत नाहीं. तुमच्या घरांतली कोणी बाई अशी मुकी होऊं नये, एवढेंच मागणें मागून मी खालीं बसतों.