कार्डाची मुदत संपली, म्हणजे काय संपलं?



मला परदेशातल्या नोकऱ्यांवर बोलायला सांगितलं होतं. नोकरी कशी शोधायची ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी परत येण्यावर बोलतो. परत आल्यावर तिकडचं दार हळूहळू कसं लागतं, त्यावर.

मी कथड्यात वाढलो, इंजिनीअर नाशकातच झालो. मे २०१४ मध्ये पर्मनंट रेसिडेंट म्हणून टोरोंटोला उतरलो. मार्च २०१८ मध्ये अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. बहीण लग्न होऊन मालेगावला, घरात अम्मी एकटी. महिन्याची रजा टाकून आलो, तो इथेच राहिलो.

तेव्हा मी तिकडचं नागरिकत्व मागू शकलो असतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये नियम सैल झाला होता, पाच वर्षांत १०९५ दिवस पुरे होते, आणि माझे भरले होते. पण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. तिकडचं घेतलं की इथलं जातं. अब्बा फोनवर एवढंच म्हणाले होते, "बेटा, पासपोर्ट नको सोडू." नाही सोडला. चुकलं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुमच्यापैकी निम्म्यांचे मामू-चाचा आखातात असतील. दुबईचा साधा रेसिडेन्स व्हिसा सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की सहसा रद्द होतो, हे घरोघरी माहीत असतं. कॅनडात पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहावं लागतं. ही पाच वर्षं कार्डावरच्या तारखेपासून मोजत नाहीत. ज्या दिवशी तुमची तपासणी होते, त्या दिवसापासून मागे मोजतात. कोडिंग करणाऱ्यांना सांगतो, ही स्लायडिंग विंडो आहे. आपण नाशकात बसून राहतो, खिडकी पुढे सरकते आणि जुने दिवस मागून गळत जातात.

२०१९ मध्ये कार्डाची मुदत संपली. मी एका एजंटाकडे गेलो. तो म्हणाला, "कार्ड संपलं, खेळ संपला. नव्याने अर्ज करा." मी मान डोलावून घरी आलो. इंजिनीअर माणूस, पण मूळ नियम उघडून वाचला नाही! कार्ड हा नुसता पुरावा असतो. ते संपल्याने दर्जा जात नाही. अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम होईपर्यंत, किंवा तुम्ही स्वतः लिहून सोडेपर्यंत, तो राहतो. मागे वळून हिशेब केला तर मार्च २०२१ पर्यंत माझे ७३० दिवस भरत होते. परदेशातून प्रवासाचा कागद मागितला असता तर मिळण्यासारखा होता. अर्थात अब्बा अंथरुणावर असताना मी गेलोही नसतो. पण ते मी ठरवायला हवं होतं, एजंटाने नाही.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, अब्बा गेले.

पुढच्या वर्षी एका जुन्या सहकाऱ्याने खरा नियम सांगितला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अर्ज केला, तेव्हा खिडकीत जेमतेम चार महिने उरले होते. अर्ज नामंजूर झाला. गणित त्यांचं बरोबरच होतं. मात्र परदेशातून ६० दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करता येतं, आणि तिथे दिवसांपलीकडची, माणुसकीची कारणंही बघतात. का गेलात, का थांबलात, परतायची धडपड कधी केलीत, तिकडे तुमचं काय आहे.

आता कागद. दवाखान्याच्या फायली, फिजिओथेरपीची बिलं, महानगरपालिकेचा मृत्यूचा दाखला, टोरोंटोचं चालू ठेवलेलं बँक खातं. सगळं होतं, पण अब्बांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. इंग्रजीत 'शेख' कुठे 'ई'ने, कुठे 'ए'ने, आणि एका ठिकाणी आडनाव पुढे, नाव मागे. हसू नका, घरी जाऊन आपापले दाखले बघा. ही तिन्ही नावं एकाच माणसाची, असं नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं. मराठी कागदांचं भाषांतर, त्यावर भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र. दोन महिन्यांतले तीन आठवडे यातच गेले.

सुनावणी २०२४ मध्ये व्हिडिओवर झाली. तिकडे सकाळ, इथे रात्र. त्यांनी नेमकं विचारलं, "वडील २०२१ मध्ये गेले, मग लगेच का नाही आलात?" मी सांगितलं, अम्मी चार महिने दहा दिवस इद्दतीत होती. भारतातून थेट विमानं कॅनडानेच सप्टेंबरअखेरपर्यंत बंद ठेवली होती. त्यानंतरच्या वर्षाचं काय? त्याला माझ्याकडे एकच उत्तर होतं. मला नियम माहीत नव्हता, मी चुकीच्या माणसावर विश्वास ठेवला. वकिलाला ते बोलणं आवडलं नव्हतं. पण दुसरं काही सांगितलं असतं तर ते खोटं झालं असतं.

अपील मंजूर झालं. पुढच्या महिन्यात निघतोय. आता दिवस एका वहीत लिहिणार आहे. अम्मी येणार का, ते ती सांगत नाही. विचारलं की चहा टाकायला उठते.

अपिलाची फाईल सोबत आणली आहे. अब्बांची दवाखान्याची पानं काढून ठेवलीत, बाकीची बघा, कुणाला फोटो काढायचे असतील तर काढा.